दुधनेकाठी ऐकलेला शब्द

परभणीहून परत येऊन आता महिना होत आला, तरी भेटेल तो एकच विचारतो, "मोगलाईत त्रास नाही ना झाला?" आमच्या साताऱ्याकडे निजामाच्या मुलखाविषयी लोकांच्या मनात उगीच धास्ती असते. तिकडे गेलेला कुणी नसतो, ऐकलेलं मात्र सगळ्यांनी असतं. मी सांगतो की त्रास झाला, पण मला नाही, माझ्यामुळे दुसऱ्याला झाला. आणि त्या मुलखातल्या माणसांनी तो मनावर घेतला नाही. मग लोक म्हणतात, नीट सांगा. नीट सांगायला वेळ लागतो, म्हणून लिहायलाच बसलो.

माझी थोरली बहीण, अक्का, जिंतूर तालुक्यातल्या बोरीला दिलेली आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली. ती दोनदा माहेरी येऊन गेली. मी एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. दर सुटीत काही ना काही निघायचं. या वर्षी तिचं पत्र आलं. "सदू, तू मला विसरलास असं मी म्हणत नाही. पण माझ्या घराला माहेरच्या माणसाचे पाय अजून लागलेले नाहीत." ते वाचल्यावर शाळेच्या परीक्षा आटोपल्या त्याच आठवड्यात मी वळकटी बांधली.

मी शाळेत संस्कृत शिकवतो आणि मला शब्दांचा नाद आहे. समोरच्यानं शब्द उच्चारला की तो कुठून आला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घरातली माणसं या सवयीला कंटाळली आहेत. पुढे जे घडलं ते या सवयीपायी घडलं, म्हणून आधीच कबूल करून ठेवतो.

परभणी

मनमाडला गाडी बदलली. निजामाची हद्द लागल्यावर करोडगिरीचा, म्हणजे तिकडच्या जकात खात्याचा, कारकून डब्यात आला. माझी वळकटी उघडून पाहिली, पंचांग उलटसुलट करून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "पेशा?"

"शिक्षक."

"अच्छा, तालीम के आदमी हैं."

मी घाईघाईनं म्हणालो, "नाही हो! तालमीत मी जन्मात पाऊल टाकलेलं नाही."

त्यानं माझ्या दंडांकडे पाहिलं आणि त्याला ते पटलेलं दिसलं. शेजारच्या गृहस्थांना मात्र हसू आवरेना. त्यांनी समजावलं की उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द तोच, पण आमच्याकडे येता येता त्यानं लंगोट कसला! मी वही काढून टिपून घेतलं. मनात म्हटलं, बरं झालं, सुरुवातीलाच ठेच लागली; आता या मुलखातला शब्द मला फसवायचा नाही.

परभणीला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेलं. बाहेर पडावं तर जिकडे तिकडे काळी जमीन, उन्हानं भेगाळलेली. आमच्याकडे मान वर केली की डोंगर दिसतो. इथं नजर अडायला काही नव्हतं. सुरुवातीला मला उघड्यावर आल्यासारखं वाटलं, मग मोकळं वाटलं.

धर्मशाळेजवळ एका बाईंची खानावळ होती. त्यांनी हातावर थापलेली ज्वारीची भाकरी वाढली, इतकी पातळ की आमच्या घरच्या एका भाकरीत तिच्या दोन व्हाव्यात. बरोबर येसराची आमटी. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ; ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी दह्याची वाटी पुढे सरकवली. "लय तिखट लागलं का? घ्या की दही. जेवायलाव का लाजायलाव?"

ते 'जेवायलाव' मला इतकं आवडलं की दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुधनेचं पात्र

जिंतूरची मोटार सकाळी सुटायची, ती ऊन चढल्यावर सुटली. चालवणारे करीमभाई, पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. मोटार निघणार तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ धावत आले. कपाळावर वैष्णवांचं उभं नाम, मागे विशीच्या आतली मुलगी, तिच्या कडेवर फडक्यात गुंडाळलेलं तान्हं मूल. तिकडच्या तेलंगी मुलखातून रेल्वेनं आले होते. त्यांची पेटी गाडीतून उतरलीच नव्हती. ती मिळेपर्यंत म्हाताऱ्यांना थांबणं भाग होतं. जावई जिंतूरच्या तहसिलीत कारकून, तो मोटारीची वाट पाहत उभा असणार. मोडक्यातोडक्या उर्दूत हे सगळं सांगून त्यांनी करीमभाईंना हात जोडले.

"फिकर नको करो," करीमभाई म्हणाले. "मेरी बेटी है समझो." आणि तिला आपल्या शेजारची जागा दिली.

मोटारीत आम्ही मागे चौघं. दोन व्यापारी, बोरीचे दाजीबा म्हणून एक वयस्कर शेतकरी आणि मी. बाईमाणूस ती एकटीच. पदराचा आडोसा करून, मूल पोटाशी धरून बसली होती. दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि कडब्याच्या गंजी. वारा असा, जणू भट्टीचं दार उघडलंय. वाटेत एकदा तिनं हातातल्या पितळी तांब्यात वाकून पाहिलं, वास घेतला आणि आतलं काहीतरी पांढरं रस्त्यावर ओतून टाकलं. मला वाटलं, ताक असेल. त्याच्यापुढे मी विचार केला नाही.

झरी गावाच्या अलीकडे दुधना नदी ओलांडावी लागते. चैत्रात पात्रात पाणी नव्हतंच, इथं तिथं डबकी आणि मधे नुसती वाळू. त्या वाळूत मोटारीची मागची चाकं रुतली. आम्ही उतरून ढकललं, तशी ती आणखी खाली गेली. करीमभाई घाम पुसत म्हणाले की झरीहून बैलांच्या दोन जोड्या आणतो, आणि चालू लागले. व्यापारी काठावरच्या बाभळीखाली जाऊन आडवे झाले. मी आणि दाजीबा मोटारीच्या सावलीला टेकलो. ती मुलगी पलीकडे वाळूत बसली.

बराच वेळ गेला. मग ती उठली आणि आमच्यापुढे येऊन उभी राहिली. परक्या पुरुषांशी बोलायची तिला सवय नव्हती हे दिसत होतं. तरी ती बोलली.

"पापकु पालु," ती म्हणाली. मुलाकडे बोट दाखवलं, मग त्याच्या ओठांना बोट लावलं. "पालु... पापकु पालु."

दाजीबा माझ्याकडे वळले. "मास्तर, पाल म्हनायली ती. लेकराच्या अंगावर पाल पडली असंल."

मी मान डोलावली. मला तर सगळं लख्ख समजलं होतं. तेलुगूत संस्कृत शब्द भरपूर आहेत हे मी पुस्तकात वाचलेलं. तेलुगूविषयी मला तेवढंच ठाऊक होतं. पाप म्हणजे पाप. पाल म्हणजे संस्कृतातली पल्ली. पंचांगात पल्लीपतनाचं पानच असतं, पाल कुठल्या अवयवावर पडली तर काय फळ, ते सांगणारं. ही बिचारी ओठांवर बोट ठेवून दाखवते आहे, म्हणजे पाल तोंडावर पडली आणि हिला ते पाप वाटतं आहे.

"तोंडावर पडली म्हणते," मी दाजीबांना सांगितलं.

"लय वंगाळ," दाजीबा म्हणाले. त्यांनी मुलाच्या फडक्याची घडी झटकून पाहिली, पाल कुठं दडली नाही ना म्हणून.

माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तिचा असेल तर तिचं समाधान करावं, एवढा शहाणपणा मी दाखवायला गेलो. पाल पडली तर आंघोळ घालावी असं शास्त्र सांगतं. तेवढ्यात तिनं रिकामा तांब्या माझ्यापुढे उपडा करून दाखवला. माझी खात्रीच झाली. तिला आंघोळीला पाणी हवं होतं! तांब्या घेऊन मी त्या उन्हात डबक्याकडे पळालो, भरून आणला, आणि "काही होत नाही, बाळ, काही होत नाही" असं म्हणत मुलाच्या डोक्यावर पाणी ओतलं.

तिनं जी किंकाळी फोडली ती मी विसरू शकत नाही. मूल छातीशी ओढून घेऊन ती चार पावलं मागे सरली. पदरानं त्याचं डोकं पुसत राहिली आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी काय माणूस आहे हेच तिला कळत नव्हतं. एवढं पाणी अंगावर पडूनही मूल रडलं नाही.

काठावरच्या कापणी झालेल्या शेतात धनगरांनी मेंढरं बसवली होती. उन्हाळ्यात तिकडचे शेतकरी रानात खत पडावं म्हणून आवर्जून मेंढरं बसवून घेतात. तिथून एक बाई दोन शेळ्या पाण्याला घेऊन डबक्याकडे आली होती. किंकाळी ऐकून शेळ्या सोडून धावली. चाळिशीची असेल, हातभर गोंदलेलं, कपाळावर आडवं कुंकू. नंतर समजलं, तिचं नाव कोंडाबाई.

"काय झालंय वो?"

"पाल पडली," दाजीबांनी सांगितलं.

कोंडाबाई गर्रकन काठाकडे वळली. "पडलं? कवा पडलं? आत्ता तर उभं व्हतं की!"

काठावर तिचं पाल, म्हणजे काठ्यांवर ताणलेलं कापडी बिऱ्हाड, जसंच्या तसं उभं होतं.

"ते पाल न्हाई गं बाई, ती पाल, पाल!" दाजीबांनी स्वतःच्या हातावर दोन बोटं चालवून दाखवली.

आम्हा सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द ऐकून त्या मुलीला आशा वाटली असावी. ती कोंडाबाईपुढे गुडघ्यांवर बसली. "पालु, अम्मा! पापकु पालु!"

"पालात यायचं म्हनती व्हय?" कोंडाबाई खाली वाकली. "ये माय, ये. उनात कशाला बसायलीस?" आणि असं म्हणता म्हणता तिनं मुलावरचा पदर बाजूला केला.

तिचा चेहरा बदलला. तिनं करंगळी मुलाच्या ओठांना लावली. मुलानं ओठ हलवले, पण त्यात जोर नव्हता.

"आरं, ह्ये भुकेजलंय!" ती आमच्यावर ओरडली. "ओठ बगा कसे वाळलेत. पाल कशाची डोंबलाची? रडायचं बी त्राण न्हाई ऱ्हायलं लेकराला, आन तुमी त्याच्यावर पानी वतायलाव?"

मुलीच्या दंडाला धरून ती तिला घेऊन चालू लागली. शेळ्या तिच्या मागे. आम्ही दोघे त्यांच्या मागे.

पालाच्या सावलीत तिनं मुलीला बसवलं. तांब्या राखेनं घासून धुतला, शेळीचं दूध काढलं, थोडं पाणी घालून तीन दगडांच्या चुलीवर तापवलं आणि वाऱ्यावर धरून निववलं. मग कापसाचा बोळा दुधात बुडवून मुलाच्या ओठाच्या कोपऱ्यात पिळला. एक थेंब. थांबली. दुसरा थेंब. तो ओठावरून ओघळून गेला. मी बाहेर उन्हात उभा होतो. आत जायचा मला अधिकार वाटत नव्हता.

"लवकर पाजा की," दाजीबा न राहवून म्हणाले.

"गप बसा, दाजी. आय मेलेल्या कोकराला असंच पाजतो आमी. घाई केली की ठसका लागतो, आन ठसक्यानंच जातंय."

थेंब, आणि थांबायचं. थेंब, आणि थांबायचं. किती वेळ गेला मी सांगू शकत नाही. मी आयुष्यात इतक्या स्तोत्रांचा अर्थ सांगितला आहे, त्यांतली एक ओळ मला त्या वेळी आठवेना. मग चोखल्याचा बारीकसा आवाज आला. मुलानं बोळा ओठांत धरला होता. कोंडाबाईनं तो पुन्हा भिजवायला बाहेर काढला, तशी ते मूल चिडून रडायला लागलं.

"रड, रड, माझे बाय," कोंडाबाई म्हणाली. "लेक हाय व्हय गं?"

ती मुलगी कोंडाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत तेलुगूत काहीतरी बोलत राहिली. कोंडाबाई मराठीत उत्तरं देत राहिली. एकीचा शब्द दुसरीला समजत नव्हता, आणि दोघींचंही काही अडत नव्हतं.

करीमभाई बैल घेऊन आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पाल म्हणाली, पाप म्हणाली, सगळं. ते कपाळावर हात मारून खालीच बसले.

"मास्तर, पालु बोले तो दूध! पाप बोले तो बच्ची. बच्ची कू दूध होना बोल रई थी बेचारी." मग म्हणाले, "गलती मेरी है. उसके बाप कू जबान दिया, और छोड के चला गया."

चूक त्यांची नव्हती. ती कोणाची होती ते मला ठाऊक होतं. पण त्या भल्या माणसानं ती आपल्या अंगावर ओढून घेतली, आणि वर मलाच प्यायला पाणी दिलं.

बैलांनी मोटार ओढून काढली. निघताना कोंडाबाईनं तांब्याभर तापवलेलं दूध वर पळसाचं पान बांधून मुलीच्या हातात दिलं आणि पाजायचं कसं ते हातवारे करून पुन्हा दाखवलं. मी काहीतरी बोलायला पुढे झालो, तोवर ती शेळ्यांमागे गेलीसुद्धा होती.

जिंतूर

बोरीच्या फाट्यावर लिंबाखाली अक्का उभी होती. सकाळपासून वाट पाहत होती. हातात पाण्याची घागर. केसांत थोडं पांढरं दिसलं, ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी उतरलो, तिच्या पाया पडलो आणि म्हणालो, "अक्का, मी आज घरी येत नाही. या मुलीला जिंतूरला तिच्या नवऱ्याच्या हाती देईन, मग येईन." दोन वाक्यांत काय घडलं ते सांगितलं.

मला वाटलं, ती रागावेल. तिनं मोटारीत डोकावून पाहिलं. बाळ झोपलं होतं आणि आई झोपेनं पेंगत होती, तरी हातातला तांब्या कलंडू देत नव्हती.

"मग मी इथं उभी राहून काय करू?" अक्का म्हणाली. घागर दाजीबांच्या हातात दिली. "आमच्या घरी सांगा, उद्या येतो म्हणावं." आणि पदर खोचून मोटारीत चढली. करीमभाईंनी आनंदानं भोंगा वाजवला. पुढचे दोन तास बाळ अक्काच्या मांडीवर होतं आणि आई तिच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती.

जिंतूरला मोटार थांबली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. तिचा नवरा, रंगय्या, धावतच आला. त्यानं काय काय ऐकलं, करीमभाईंनी काय सांगितलं आणि काय गाळलं, मला माहीत नाही. मी मात्र त्याला बाजूला घेऊन स्वतः सांगितलं की तुमच्या मुलीच्या डोक्यावर पाणी ओतणारा मी. तो अक्काला, मला आणि करीमभाईंनाही घरी घेऊन गेला.

त्याच्या बायकोचं नाव राजम्मा. बाळंतपणात ताप येऊन तिचं अंगावरचं दूध आटलं होतं. पहाटे तापवून घेतलेलं दूध उन्हानं नासलं, तेच तिनं वाटेत ओतून दिलं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

जेवणात चिंचेचं आंबट सार होतं आणि भाताचा डोंगर. अक्का आत राजम्मापाशी बसली. जेवण झाल्यावर राजम्मा बाहेर आली. तिनं माझ्यापुढे पितळी पेला ठेवला. पेल्यात दूध होतं. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोराला शिकवावं तसं सावकाश म्हणाली, "पालु."

मी म्हणालो, "पालु."

ती हसली. मी ते दूध सगळं प्यालो.

मग मी आणि रंगय्या अंगणात बसलो. कचेरीत चार माणसांशी बोलून त्याला बऱ्यापैकी मराठी येऊ लागलं होतं. माझी सवय मोठी चिवट. मी त्याला पालीविषयी विचारलंच. तो म्हणाला, "आमचा दूध आणि तुमचा पाल, काही नातं नाही. दुधाला तमिळ लोक पाल् बोलतात, कानडी लोक हालु. ते सगळे एका घरातले. संस्कृतातून नाही आले."

"आणि आमची पाल? भिंतीवरची?"

"तिला आम्ही बल्लि म्हणतो. तमिळात पल्लि." "मास्तर, तुमच्या संस्कृतातला पल्ली आमच्याकडून गेला असेल, काय माहीत?"

मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलो होतो की पाल हा शब्द संस्कृतातला. त्या रात्री जिंतूरच्या अंगणात बसून मला पहिल्यांदा वाटलं की संस्कृतालाही कुणीतरी काही दिलेलं असू शकतं, आणि घेतल्यानं ते लहान झालेलं नाही. करीमभाई बाज टाकून पडले होते. ते म्हणाले, "हमारे में पालना बोले तो बच्चे कू बडा करना." कोंडाबाईचं कापडाचं पाल राहिलं. ते कुठून आलं हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. अक्का दारातून म्हणाली, "ज्या पालात लेकरू वाचलं त्याचं कूळ कशाला काढायचं, सदू?" मी वही काढली नाही.

बोरी

बोरीत सहा दिवस राहिलो. अक्काचं घर मातीचं, सपाट छताच्या माळवदाचं, दुपारीही आत गार. तिनं मला प्रत्येक कोनाडा दाखवला. धान्याची कणगी, स्वतः लावलेला पारिजातक, मेव्हण्यांनी तिच्यासाठी मुद्दाम उंच करून घेतलेला ओटा. धपाटे आणि दही, अंबाडीची भाजी, लसणाची लाल चटणी. मेव्हणे बोलायला कमी, पण रोज सकाळी शेतातून काहीतरी माझ्यासाठी घेऊन यायचे. एकदा कलिंगड, एकदा ओंजळभर चारं, म्हणजे चारोळीची फळं. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह तोंडानं करतात. इथं न बोलता ताटात पडत जातं, आणि ताट सरलं की त्यांना बरं वाटतं.

तिसऱ्या दिवशी रंगय्या बोरीला आला. राजम्माचे वडील पेटीसह सुखरूप पोचल्याचं त्यानं सांगितलं. बाळ आता गाईचं दूध पीत होतं. त्यानं बरोबर एक हिरवं लुगडं आणलं होतं. "त्या बाईला द्या," तो म्हणाला. "मी स्वतः येतो, पण रजा नाही. सांगा, राजम्मा रोज तिचं नाव घेते."

अक्कानं त्यावर खण ठेवला, हळदीकुंकवाची पुडी ठेवली आणि गाठोडं बांधून दिलं. निरोप देताना ती रडली नाही. "आता तुला रस्ता माहीत झाला," एवढंच म्हणाली.

परतीची वाट

परतताना करीमभाईंनी दुधनेच्या काठावर मोटार मुद्दाम थांबवली. बाकीचे उतारू कुरकुरले. करीमभाई त्यांना म्हणाले, "पाच मिनट. मास्तर का काम है."

पाल अजून तिथंच होतं, पण शेजारच्या वावरात सरकलेलं. कोंडाबाई बाहेर बसून लोकर निवडत होती. मला पाहताच तिनं विचारलं, "पोर पेतीय का आता?"

"पितेय. चांगली रडतेय."

"रडू द्या. रडनारं लेकरू बरं."

मी गाठोडं दिलं, रंगय्याचा निरोप सांगितला. तिनं लुगडं उलगडलं, काठावरून हात फिरवला. "एवढं कशापायी? शेळीचं दूध, माझं काय गेलं?" पण कुंकवाची पुडी कपाळाला लावली आणि लुगडं जपून आत ठेवून आली.

मग मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. "कोंडाबाई, त्या दिवशी ती दूध मागत होती. मला कळलं नाही. मी शिकलेला माणूस. मला वाटलं मला कळलंय, म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तुम्ही आला नसतात तर..."

तिनं लोकरीतला काटा काढून फेकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला तरी कुटं कळलं, मास्तर? मला वाटलं पाल पडलं माझं." ती हसली. "आन तुमी पानी आनायला पळालात की. बाकीचे झोपले व्हते. पळालेलं मानूस चुकतंय बी, त्याला काय करायचं?"

मी वाकून तिच्या पायांना हात लावायला गेलो, तशी ती झटकन मागे सरली.

"बाजूला व्हा, मास्तर, मेंढरं यायलीत!"

मी वळलो तोवर कळप आलाच होता. बाजूला व्हायला जागा नव्हती. मी हात अंगाशी घेऊन उभा राहिलो आणि मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी, गुडघ्यांना घासत, पाण्याकडे उतरत गेली. पलीकडून करीमभाई भोंगा वाजवत होते. शेवटचं मेंढरू जाईपर्यंत मी हललो नाही.